हाफबॅक हिरासिंग यास कायम करण्याविषयी

समाजाची प्रगती गोल करणाऱ्यांमुळे होते आणि समाजाचं नुकसान हाफबॅकमुळे होतं, हे विचारी माणसांना आता निराळं पटवून द्यावं लागत नाही. ज्यांना अजून पटलं नसेल त्यांनी आमच्या वणी-उमरखेड संयुक्त फुटबॉल मंडळाच्या कोणत्याही सभेला यावं. (चहा मिळतो. बिस्किटं पदाधिकाऱ्यांपुरती असतात.) मी या मंडळाचा सहचिटणीस. १९५६ पासून मंडळाच्या संघांनी जे पराभव पाहिले त्यांचा मी स्वतः अभ्यास केला आहे. त्यांतले निम्मे हाफबॅकनं चेंडू उशिरा दिल्यामुळे झाले आणि उरलेले निम्मे लवकर दिल्यामुळे. ढाणकीचा एक सामना मैदानात गोऱ्हा शिरल्यामुळे अर्ध्यावर सोडावा लागला. त्याही बाबतीत चौकशी समितीचं मत असं पडलं, की गोऱ्हा मधल्या पट्ट्यातून आला आणि मधला पट्टा हाफबॅकच्या ताब्यात असतो.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. संघात पुढे पाच जण असतात. त्यांचे फोटो निघतात. सगळ्यात मागे गोलरक्षक. त्याला निदान उभं राहायला ठरलेली जागा असते. मधे हाफबॅक. त्यानं मागून चेंडू आणायचा, पुढे नेऊन द्यायचा आणि लगेच पुन्हा मागे धावायचं. काम साधंच आहे. घरातली सून हेच करते, आणि तिचाही फोटो कोणी काढत नाही.

हिरासिंग आडे हा ढाणकीजवळच्या बंजारा तांड्यावरचा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवत. माल दुसऱ्याचा, पोचवणं यांचं. ‘याच्या रक्तातच वाहतूक आहे,’ असं म्हणून ढाणकीच्या एका जिनिंगच्या मालकांनी त्याला हाफबॅक केलं. (सेंटर फॉरवर्डच्या रक्तात काय आहे याची चौकशी करण्याचा प्रघात नाही. तो बहुधा नातेवाईक असतो.)

आता एक अडचण होती. मंडळाच्या घटनेप्रमाणे खेळाडू शुद्ध हौशी पाहिजे. खेळण्याचा पगार घेणारा तो धंदेवाईक, आणि धंदेवाईकाला मैदानात पाय ठेवायला बंदी. त्यामुळे जिनिंगनं हिरासिंगला कापसाच्या गंजीजवळ पाण्याची बादली घेऊन उभं राहायच्या कामावर घेतलं. गंजीला आग लागलीच तर ती त्यानं विझवायची. आग लागायची ती सामन्याच्या दिवशी, तेव्हा तो मैदानात असायचा. त्याबद्दल त्याला दोनदा ताकीद मिळाली. पुढे तो उमरखेडच्या एका तेलगिरणीत तेलाच्या पिंपांवर पहारा करायला लागला. तिथून पुसदला एका लाकडाच्या वखारीत, तिथून परत उमरखेडला, त्याच पिंपांकडे. आमच्या टापूत एकही धंदेवाईक खेळाडू नाही, हे मी अभिमानानं सांगू शकतो. हंगाम संपला की हिरासिंगची नोकरीही संपायची, हा निव्वळ योगायोग समजावा.

कायम होण्याचा प्रश्न अधूनमधून निघे. पण १९५६ च्या नोव्हेंबरात आपण मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलो, तेव्हा त्याची आधीची सेवा परराज्यातली ठरली. साठ साली महाराष्ट्र झाला, तेव्हा मधली चार वर्षंही परराज्यात गेली. हिरासिंग या काळात ढाणकी-उमरखेडच्या बाहेर फारसा गेला नव्हता, पण राज्यच जागा सोडून गेल्यावर त्याचा इलाज नव्हता. जिनिंग, गिरणी, वखार, सगळं खाजगी. शिस्त मात्र सरकारी होती.

प्रत्येक बदलीत त्याची बायको बिजलीबाई बरोबर असायची आणि बिजलीबाईबरोबर तिचं जातं. एस. टी. च्या टपावर खालची तळी, आणि वरची तळी तिच्या पायाशी. नव्या गावी गेलं की ती आधी विचारायची (घरात ते गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत बोलत, वाचकांच्या सोयीसाठी मी वऱ्हाडीत देतो), ‘हे आता मांडू का नको, थे सांगा. मांडलं का उचला लागते.’

‘थांब जरा. यंदा कायम करतो म्हनले सायेब,’ हिरासिंग म्हणायचा.

‘मांगच्या गावचेही सायेबच होते ना?’

बायका अशा व्यवहाराला चिकटून असतात. खेळातला आनंद त्यांना कळत नाही.

एकसष्ट साली राजूरकडच्या एका कोळसा खाणीनं संघ काढला आणि हिरासिंगला बोलावलं. खाणीचे वेल्फेअर साहेब रामराव म्हणजे फार उमदा माणूस. त्यांनी त्याला दिव्यांच्या खोलीत नेमलं. खाली उतरणाऱ्या मजुरांना दिवे द्यायचे आणि वर आल्यावर परत घ्यायचे. द्यायचं आणि विसरून जायचं, ही हिरासिंगच्या अंगातली कला रामरावांनी बरोबर ओळखली होती. शिवाय खाणीत कायम झालेल्या माणसाला चाळीत एक खोली मिळायची. विटांची भिंत, वर कौलं, दाराला आतून कडी. बिजलीबाई दोनदा जाऊन ती रिकामी खोली बाहेरून पाहून आली. चूल कुठे आणि जातं कुठे, हे तिनं खिडकीतूनच ठरवलं. तोवर ते दोघं खाणीच्या कुंपणाबाहेर पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काटक्यांच्या खोपटात राहत होते, तिथे हवा भरपूर होती.

संघाचे सेंटर फॉरवर्ड भगवानराव. ते खाणीत हेडक्लार्क होते, कायम होते, तीन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होते आणि रामरावांचे सख्खे मेहुणे होते. या चारही गोष्टींचा त्यांच्या निवडीशी संबंध नाही, असा खुलासा निवड समितीनं कोणी विचारण्याआधीच केला होता. (समितीत रामराव होते.) भगवानराव फारसे पळत नसत. गोल जवळच असतो आणि चेंडू आपल्याकडे येतोच, अशी त्यांची श्रद्धा होती. हिरासिंगमुळे ती कधी खोटी ठरली नाही. त्या हंगामात भगवानरावांनी जितके गोल केले, तितक्याच वेळा हिरासिंगनं चेंडू आणून त्यांच्या पायाला टेकवला होता. त्यानं स्वतः आयुष्यात एकही गोल केला नव्हता. उमरखेडला एकदा तो चेंडू घेऊन एकटाच पुढे गेला, तेव्हा त्याच्याच मालकांनी उठून विचारलं होतं, ‘काहून रे, स्वतःले काय समजून राह्यला तू?’ त्यानंतर त्यानं स्वतःला काही समजणं बंद केलं.

बासष्टच्या शील्डचा अंतिम सामना यवतमाळला, खाण विरुद्ध उमरखेड. सामन्याआधी संघाला ओळीत उभं करून रामरावांनी जाहीर केलं, ‘आज जो गोल करन, त्याले मी कायम करतो. चाळीतली खोली त्याची. मंग थो कोनीही असो. हा माया शब्द आहे.’

दोरीपलीकडे बायकांत बिजलीबाई उभी होती. तिनं हे ऐकलं. फुटबॉलमध्ये कोणाला काय करायचं असतं, याची तिनं आजवर कधी विचारपूस केली नव्हती. त्या दिवशी शेजारणीला विचारून घेतलं. शेजारणीनं सांगितलं, त्या दोन खांबांच्या मधून चेंडू घालायचा. ‘बस एवढंच?’ बिजलीबाई म्हणाली.

मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही. मध्यंतरात शील्डदात्यांचा, अध्यक्षांचा आणि अध्यक्षांच्या पाहुण्यांचा सत्कार झाला. तो सामन्यापेक्षा चुरशीचा झाला, कारण पहिला हार कोणाला यावर दोन तट पडले होते. नंतरही बराच वेळ काही घडलं नाही. पंच घड्याळाकडे बघायला लागले. आणि मग हिरासिंगनं मागे कोणाच्या तरी पायातून चेंडू काढला, तो घेऊन दोघांच्या मधून निघाला, तिसऱ्याला चुकवला आणि थेट गोलपुढे आला. उमरखेडचा गोलरक्षक धावत आला आणि घसरून आडवा पडला.

समोर दोन खांब. मधे कोणी नाही. बिजलीबाईनं दोरी दोन्ही हातांनी धरली.

हिरासिंग थांबला. जरा मागे, डाव्या हाताला भगवानराव कमरेवर हात ठेवून उभे होते; त्यांनी एक हात वर केला. हिरासिंगनं चेंडू त्यांच्याकडे दिला. ते बहुधा हार कसा घालून घ्यावा या विचारात असावेत, कारण चेंडू त्यांच्या गुडघ्यावर आपटून आपला आपणच आत गेला. सामना संपला. भगवानरावांना खांद्यावर घेण्यात आलं. त्यांना उचलणाऱ्यांत हिरासिंगही होता, खालच्या बाजूला.

रामराव शब्दाचे पक्के. त्यांनी भगवानरावांना कायम केलं. ते आधीच कायम असल्यामुळे ही कायमता दुसरी झाली, पण नियमात तशी मनाई नव्हती. चाळीतली खोलीही त्यांना मिळाली. आता तिथे त्यांची म्हैस असते. म्हैस गुणी आहे, दाराची कडी बाहेरून लावली तरी तक्रार करत नाही. हिरासिंगला पुढच्या हंगामात बोलावलं नाही. शील्ड तर आलेलंच होतं, आता चेंडू कोणाला आणि कशासाठी आणून द्यायचा, असा रामरावांचा बिनतोड सवाल होता. मंडळानं हिरासिंगच्या निःस्वार्थ खेळाबद्दल एक ठराव करायचं ठरवलं. सूचक मिळाला. अनुमोदक चहा प्यायला गेला होता.

सामन्याच्या संध्याकाळी परतीच्या ट्रकमध्ये शील्ड चढलं, हारांच्या टोपल्या चढल्या आणि भगवानरावांचं अभिनंदन करणारे चढले. हाफबॅकला जागा उरली नाही. मैदान रिकामं झाल्यावर दोरीजवळ बिजलीबाई त्याला म्हणाली ते मी स्वतः ऐकलं. मी खुर्च्या मोजत होतो.

‘समोर कोनीच नोतं. थो पडेल होता. एक लात माराची होती तुमाले. काहून देल्ला?’

हिरासिंगनं एक बूट सोडला.

‘सारे मांगून राह्यले होते ना,’ तो म्हणाला.

‘मी त नोती मांगत.’

तो मान खाली घालून रडला. हाफबॅकनं रडू नये असा नियम नाही, तेव्हा मी मध्ये पडलो नाही.

पण सहचिटणीस या नात्यानं मला चौकशी करणं भाग होतं, की चेंडू नक्की मागितला कोणी. भगवानरावांनी हात वर केला होता, पण तोंड उघडलं नव्हतं. ओरडणं त्यांच्या हुद्द्याला शोभत नाही. रामराव त्या वेळी शील्डदात्यांना पान देत होते. उमरखेडकर तर मागणार नाहीतच. दोरीपलीकडच्या बायका गप्प होत्या. मग ‘पास दे, पास दे रे, भगवानरावले दे’ हा एवढा गलका झाला कुठून? तो खुर्च्यांकडून झाला. आणि वाचकहो, तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, उभं राहून सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही ओरडत होता. माझी खुर्ची तुमच्या शेजारीच होती. चेंडू आत गेला तेव्हा ‘वा, भगवानराव!’ म्हणून तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत, ती अजून दुखते.

तुम्हाला आठवत नसेल. आठवण्यासारखं तुम्ही काही केलंही नव्हतं. माझ्या खुर्च्या मोजून झाल्यावर आपण तुमच्या सायकलवरून निघालो, मी मागे कॅरिअरवर. स्टँडकडच्या रस्त्यावर एक माणूस आणि एक बाई मधून चालले होते. तुम्ही घंटी वाजवलीत. माणसानं मागे न बघताच बाईचा हात धरला, तिला कडेला घेतलं आणि आपल्याला वाट दिली.