गोमाकाकांचा विलायतेतला उंदीर

सापगावात उंदरांना नोटीस बजावणारा एकच माणूस होता आणि तो नेमका आमच्या शेजारी राहायचा. रोज दिवेलागणीला गोमाकाका भोईर भाताच्या कणगीसमोर उभे राहत, खाकरून घसा साफ करत आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "समस्त उंदीर लोकांस कळविण्यात येतं का हा माल गोमा भोईराच्या मालकीचा हाय. जो हात लावील त्यास तडीपार करण्यात येईल. मागून तक्रार चालायची नाय." मग पिंजऱ्यात सुक्या बोंबलाचा तुकडा अडकवायचे आणि जेवायला बसायचे.

ही भाषा त्यांनी शहापूरच्या कचेरीतून आणली होती. कुणाच्या तरी बांधाच्या भांडणात ते साक्षीदार होते. तारखांवर तारखा पडल्या, खटल्याचं काय झालं देव जाणे, पण काका तिथून हुकूम, समन्स, तहकूब असले शब्द घेऊन आले ते कायमचे. पाऊस उघडला की म्हणायचे, "तहकूब झाला." म्हैस दूध देईनाशी झाली तर तिला समन्स काढायचे.

आणि तडीपार म्हणजे खरोखरच तडीपार, बरं का. सकाळी पिंजऱ्यात सापडलेला उंदीर ते मारत नसत. पिंजरा काठीला अडकवून भातसा नदी ओलांडायची, पलीकडच्या माळावर उंदीर सोडायचा, त्याला दोन शब्द सुनवायचे आणि परत यायचं. यात सकाळचा तासभर जाई. गावातले लोक म्हणायचे, तोच उंदीर संध्याकाळी परत येतो, काका त्याला फुकट फिरवून आणतात. मांजर पाळा म्हटलं तर काकांना राग यायचा. "मांजर चौकशी करतं का? धरलं का खाल्लं."

घरात ते एकटेच. त्यांची बायको बायजाकाकू मी लहान असतानाच बाळंतपणात गेली. बाळंत झाल्यावर अकराव्या दिवशी गेली आणि तिच्यामागून मूलही. मला तिचा चेहराही नीट आठवत नाही, फक्त पाय सुजलेली एक बाई ओटीवर बसलेली आठवते. काकांनी पुन्हा लग्न केलं नाही. विषय निघाला की उठून उंदरांच्या कामाला लागत, म्हणून कुणी काढतही नसे.

आता माझं सांगते. आमचे अण्णा सापगावच्या शाळेत मास्तर. मुलीला शिकवलं म्हणून त्यांना लोकांनी बरंच ऐकवलं, पण त्यांनी मला मुंबईला पाठवून विज्ञानाची पदवी घेऊ दिली आणि पुढे मी डॉक्टरेटसाठी आहाराचा विषय घेतला. आपण खातो त्या तांदळाचा. गिरणीत पांढरा सडलेला तांदूळ आणि घरी उखळात कांडलेला तांबडा तांदूळ यांत अंगाला कोणता लागतो, हा माझा प्रश्न. सन छत्तीसच्या सुमारास मला शिष्यवृत्ती मिळाली आणि परदेशातल्या आहार आणि आरोग्याच्या संशोधन संस्था पाहून यायची संधी आली. त्यांतल्या एका संस्थेनं कळवलं की तुमच्या भागातला तांदूळ घेऊन या, आमच्याकडच्या पांढऱ्या उंदरांना तो काही महिने खाऊ घालून बघू. सगळा प्रबंध त्या चाचणीवर उभा राहणार होता. तांदूळ एकाच शेतातला हवा, नीट वाळवलेला हवा, आणि थोडा गिरणीचा, बाकीचा हातसडीचा हवा.

असा भात गावात एकाच माणसाकडे होता. मी काकांकडे गेले. विलायतेत माझा तांदूळ उंदरांना देणार हे ऐकल्यावर ते कणगीवरून माझ्याकडे वळले. मग विचारलं, "पैदा करून पोसतात? सरकार?" मी म्हटलं, हो, पिंजऱ्यात ठेवतात आणि दर आठवड्याला त्यांचं वजन करतात. काका म्हणाले, हे राज्य टिकायचं नाय.

पण भात द्यायला ते एका पायावर तयार झाले. बोटीच्या आधी पंधरा दिवस दोन पोती घेऊन आले. पोती उघडली तर दोन्हींत तांदूळ पांढराशुभ्र. मी कपाळाला हात लावला. काकांनी सगळाच्या सगळा भात कल्याणच्या गिरणीत नेऊन, एकदा नाही, दोनदा सडून आणला होता. परक्या मुलखात, साहेबाच्या ताटात जाणार म्हटल्यावर तांबडा भात कसा द्यायचा? आमच्याकडे पाहुण्याला, जावयाला, लाडक्या माणसाला पांढरा भात वाढायचा, तांबडा आपला आपण खायचा. मी म्हटलं, काका, साहेब नाही हो, उंदीर खाणार आहे. ते म्हणाले, "तो बी तिकडचाच नं."

मग मी ओटीवर बसून त्यांना समजावलं. तेव्हा मला ज्ञान फार चढलं होतं. तांदळाच्या तांबड्या सालीतच सगळं सत्त्व असतं, गिरणीत ते कोंड्याबरोबर निघून जातं. नुसता पांढरा भात खाणाऱ्या माणसाचे पाय सुजतात, धाप लागते, हृदय कमजोर होतं. आणि बाळंतिणीला तर फारच धोका. काका विडी ओढत होते, ती तशीच हातात राहिली. त्यांनी विचारलं, बाळंतिणीला? मी म्हटलं हो, पुस्तकात दिलंय. ते उठले आणि चहा न पिताच गेले. मला वाटलं, गिरणीची खेप वाया गेली म्हणून रागावले. इतकी शिकलेली मी, पण अक्कल म्हणून नव्हती.

चार दिवसांनी तांबडा तांदूळ आला. त्याच शेतातला कणगीत उरलेला भात त्यांनी स्वतः कांडला होता. आमच्याकडे कांडण बायकांचं काम, पुरुषानं मुसळ हातात घेतलं की आळीभर हसायला विषय. बायका दारात उभ्या राहून बघायच्या, काका मुकाट्यानं मुसळ घालायचे. हाताला फोड आले होते. पोतं ठेवताना एवढंच म्हणाले, "नीट चौकशी कर गो. कोणाची बाजू घेवू नको."

बोटीत मी आठ दिवस आडवी होते, ते सांगण्यात अर्थ नाही. ज्या संस्थेत चाचणी होती तिथं एक उंच, करड्या केसांच्या बाई प्रयोगशाळा सांभाळत. त्यांनी माझ्या दोन पोत्यांकडे एखाद्या मानाच्या पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं. काही उंदरांना पांढरा तांदूळ, काहींना तांबडा. बाकी काहीही नाही. मी तिथलं काम लावून दिलं, मधल्या काळात इतर संस्था पाहिल्या, मुलांना दूध कसं वाटतात, शाळेत जेवण कसं देतात ते टिपून घेतलं, आणि वजनांसाठी परत येत राहिले.

गावाहून अण्णांची पत्रं येत. पहिल्या पत्रापासूनच निम्मं पत्र गोमाकाकांचं. त्यांना लिहिता येत नसे, ते सांगत आणि अण्णा शब्दाला शब्द उतरवून समासात लिहीत, "ही भाषा माझी नव्हे." पहिल्या पत्रात काकांनी विचारलं होतं, पांढऱ्या भातावरचा उंदीर कसा आहे? मला वाटलं, त्यांचा जीव तांबड्यात असणार, दुसरा हरतोय का बघताहेत. मी कळवलं, तांबड्याचा जोरात आहे, पांढऱ्याचा मंद झालाय. पुढचं पत्र आलं त्यात तांबड्याबद्दल अक्षर नाही. पांढऱ्याचे पाय बघ. चालतो का? खातो का? धाप लागते का? त्यापुढचं पत्र तर हुकूमनामाच होता. सदर उंदराला ताबडतोब तांबडा भात सुरू करावा, त्याचा गुन्हा काय, त्याला जे वाढलं ते त्यानं खाल्लं.

हे मी त्या करड्या केसांच्या बाईंना भाषांतर करून सांगितलं. त्या हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी पांढऱ्या भातावरच्या उंदरांच्या पिंजऱ्याशी थोडं जास्त वेळ उभ्या राहू लागल्या. ठरल्या दिवशी त्या उंदरांना कोंड्याचा अर्क सुरू केला आणि आठवडा-दोन आठवड्यांत त्यांतले बरेच उठून फिरायला लागले. ते फिरताना दिसले त्याच दिवशी मी घरी पत्र टाकलं.

परत आले तेव्हा आसनगावच्या स्टेशनावर अण्णा बैलगाडी घेऊन आले होते. घरी सगळी आळी जमली. गोरे लोक काय खातात, थंडीत आंघोळ करतात का, बोट हलते का. काका मागे खांबाला टेकून बसले होते. दुपारी लोक पांगले तरी ते तिथंच. अण्णा शाळेत गेले. मग ते पुढे सरकले.

"मालू, तो उंदीर भातानंच आजारी पडला, ता नक्की?"

मी म्हटलं, नक्की.

"मंग ती पन त्याच्यानंच गेली."

आणि मग त्यांनी मान खाली घालून सांगितलं. बायजाकाकूला सातवा लागला होता तेव्हा तिनं एकदा म्हटलं होतं, मामलेदाराच्या घरी असतो तसा पांढरा भात खाऊन बघावा वाटतो. काकांनी भाताचं पोतं डोक्यावर घेऊन आसनगाव गाठलं, आगगाडीनं कल्याणला नेऊन गिरणीत सडलं आणि तिला मुसळाला हात लावू दिला नाही. बाळंत होईपर्यंत आणि झाल्यावरही तिला तोच भात. आळीतल्या बायका हेवा करायच्या. पाय सुजले तर सगळे म्हणाले, दिवस गेल्यावर सुजतातच. इतकी वर्षं काकांच्या जवळ एवढं एकच समाधान होतं, की निदान तिला हवं ते खाऊ घातलं. आणि ते मी एका संध्याकाळी ओटीवर बसून काढून घेतलं होतं.

मला रडू आलं. खोटं बोलणं फार सोपं होतं. मी म्हटलं, काका, त्या उंदरांना आम्ही दुसरं काही म्हणजे काही दिलं नव्हतं. काकूला तुम्ही काय काय देत होतात? ते बोटांवर सांगू लागले, वालाचं बिरडं, शेवग्याचा पाला, भातशेतातले मासे, खेकडे, घरच्या कोंबडीची अंडी. मी म्हटलं, मग ती भातानं गेली असं मी लिहू शकत नाही, कुणीच लिहू शकणार नाही.

"आणि भातानं नाय गेली, असा लिवशील?"

"तेही नाही लिहिता येत, काका."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं ते उठून जातील. ते म्हणाले, "खरा बोललीस ता बरा केलास."

मला डॉक्टरेट पुढच्या वर्षी मिळाली. प्रबंधात प्राध्यापकांचे आभार आहेत, संस्थांचे आहेत, शिष्यवृत्ती देणाऱ्यांचे आहेत. पण मी आभार कुणाचे मानते ते मला ठाऊक आहे. उत्तर आपल्यावरच उलटेल हे कळल्यावरही या माणसानं हाताला फोड येईपर्यंत तांदूळ कांडला आणि कुणाची बाजू घेऊ नको म्हणून बजावलं. एवढी हिंमत मला परदेशातल्या कुठल्याही संस्थेत भेटली नाही, माझ्यात तर नव्हतीच.

त्या दुपारी काका पुन्हा खांबाला टेकून बसले. मग अंगणाकडे बघत म्हणाले, "बायजा पहिल्या दिवशी ताट बघून हसली व्हती. बोलली, ह्यो भात हाय का चांदणा."

आमच्याकडे पुरुष बायकोचं नाव घेत नाहीत. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकलं. मग ते तिच्याबद्दल सांगत राहिले, अण्णा शाळेतून परत येईपर्यंत, आणि त्यानंतरही.