कुंभकर्णाचे डोळे

रविवारी दुपारी जेवून तुम्ही आडवे झालात आणि खिडकीतून कुणी बांबूनं टोचलं, तर खुशाल समजा की तुम्ही मलकापुरात निवृत्तीअण्णांच्या शेजारी राहता. "हाय न्हवं?" अण्णा विचारतात. आपण "आहे" म्हटलं की समाधानानं निघून जातात. आपली झोप गेली ती गेलीच.

अण्णा मूर्तिकार. हात असा, की त्यांचा मातीचा उंदीर बघून मांजर दबा धरेल. पण झोपलेली मूर्ती म्हटली की त्यांची घाबरगुंडी उडते. त्यांचा शेषशायी विष्णूसुद्धा टक्क जागा, एसटी चुकल्यासारखा बघत असतो. यंदा मंडळानं गणपतीच्या देखाव्याला कुंभकर्ण सांगितला. अण्णांनी पोट झकास केलं, डोळे मात्र सताड उघडे. त्यात मंडळाच्या पोरांनी घोरण्याचा आवाज लावून पाहिला. उघड्या डोळ्यांनी घोरणारा तो राक्षस बघून माझीच बोबडी वळली. दिवसाढवळ्यासुद्धा अण्णांच्या कामाच्या शेडवरून जायचं मी टाळू लागलो.

"अण्णा, मिटा की डोळे त्याचे!"

"आमच्या कामात डोळं शेवटी उघडायचं असत्यात, गड्या. मिटल्यालं काम म्हंजी अर्धं काम. फुडं उघडतंय का न्हाई, कुणी सांगावं?"

त्याच आठवड्यात काकींच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या, पोटातली गाठ काढायचं ठरलं. मिरजेला मी सोबत गेलो. डॉक्टर म्हणाले, भूल देऊ, झोपेतच सगळं होईल. अण्णा पांढरेफटक पडले.

"जाग्यापणी न्हाई का व्हनार?"

काकींना आत नेलं. बाहेर बाकावर अण्णा ऑपरेशनच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत बसले. मग एकदम म्हणाले, "माजी आई आशीच दुपारची निजलेली. लय गोड दिसत हुती. म्या चित्र काढाय बसलो. हलली तर बिघडंल म्हनून हाक न्हाई मारली. चित्र पुरं झालं, गड्या. आई उठली न्हाई."

मला त्या बंद दाराकडे बघायचीही भीती वाटू लागली.

काकींना बाहेर आणलं तेव्हा त्यांचे डोळे मिटलेलेच होते. "अजून गुंगी आहे. उठवू नका हं," नर्स म्हणाली. अण्णांचा हात काकींच्या खांद्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

डोळे न उघडताच काकी पुटपुटल्या, "आवं, हाय मी. झोपू द्या जरा."

अण्णा लहान पोरासारखे रडले. पण उठवलं नाही.

काकी घरी आल्यावर अण्णांनी कुंभकर्णाच्या पापण्या मिटवल्या. मी बघायला गेलो, तर डाव्या डोळ्याला बारीकशी फट.

"अण्णा, ही राहिली की."

"राहिली न्हाई, ठिवलीया," अण्णा फटीवरून हळूच ब्रश फिरवत म्हणाले. "एकदम समदं मिटाय मन न्हाई धजत, गड्या."