रत्नमाला अक्कांचा अर्धा तास

आमच्या गावच्या दवाखान्यात सुई घेतली की डावी चप्पल जप्त होते. तुम्ही सरपंच असा, गुरुजी असा की सासरहून माहेरपणाला आलेली लेक असा, सुटका नाही. सुई टोचून झाली की दवाखान्यातल्या नर्स रत्नमाला अक्का खाली वाकतात, तुमची डावी चप्पल उचलतात आणि आपल्या टेबलाखालच्या खोक्यात टाकतात. मग बाकाकडं बोट करून म्हणतात, "अर्धा तास. बसा, कुंद्री, बैठो." एकच हुकूम तीन भाषांत. आमच्याकडं कुणाला कुठली भाषा कळत नाही अशी सबब चालत नाही, कारण सगळ्यांना तिन्ही कळतात.

चप्पल कशाला, तर लोक पळतात म्हणून. आमचं गाव कर्नाटकातल्या बसवकल्याण तालुक्यातलं, मुडबीकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं. इथल्या माणसाला सुई हवी असते, पण सुईनंतर बसायचं नसतं. सर्दी झाली, सुई टोचा. कंबर दुखली, सुई टोचा. सुई नाही दिली तर डॉक्टर कच्चा. आणि सुई घेतली रे घेतली की लगेच आठवण येते, म्हैस सोडायचीय, बस धरायचीय. अक्कांचं म्हणणं, "औषध आंगाला सोसतंय का न्हाई ते आर्ध्या तासात कळतंय. तुमी बसमदी घसा धरून पडलाव तर कंडक्टर काय करंल? तिकीट देईल." एका पायात चप्पल घालून कुणी बस धरत नाही, हा त्यांचा शोध. मी स्वतः दोनदा एक पाय वर घेऊन तिथं बगळ्यासारखा बसलोय, आणि तेवढ्यात मी शिकवतो त्याच वर्गातली चार पोरं दारावरून गेलीत.

अक्का आमच्या शेजारी राहतात. एकट्याच. आईबरोबर राहायच्या, आई जाऊन सहा वर्षं झाली. भाऊ पुण्याला, तो फोनवर असतो. खोलीत बुद्धाची मूर्ती, शेजारी आईचा फोटो, आणि उरलेल्या भिंतीवर लोकांच्या अलर्जीच्या याद्या. माझी बायको सरोजा म्हणते, दुसऱ्यांच्या घरात कॅलेंडर असतं, अक्कांच्या घरात खाज असते.

अलर्जी या शब्दावर अक्कांची फार बारीक नजर आहे. आजकाल अलर्जी असणं म्हणजे मोठेपणा झालाय. ज्याला त्याला कशाची ना कशाची अलर्जी. मी एकदा जेवताना बायकोला म्हणालो, "मला दोडक्याची अलर्जी आहे, वाढू नकोस." अक्का नेमक्या ताक मागायला दारात. तिथंच तपासणी सुरू.

"आंगावर गांधी उठल्या?"

"नाही."

"व्हट सुजले? घसा आवळला? धाप लागली?"

"नाही हो अक्का."

"मंग ती अलर्जी न्हाई, नखरा हाय. सरोजा, वाढ गं."

त्या दिवसापासून आमच्याकडं आठवड्यातून दोनदा दोडका असतो.

दुसरा त्यांचा राग 'गरम' या शब्दावर. आमच्याकडं कुठलंही औषध सोसलं नाही की ते 'गरम पडलं' म्हणतात. मळमळलं तरी गरम, चक्कर आली तरी गरम, अंगभर लाल चट्टे उठले तरी गरमच. अक्का टेबलावर हात आपटून विचारतात, "आंबा गरम, गूळ गरम, गोळी गरम, आन् तुमचं डोस्कं तेवढं गार? नीट सांगा, काय झालतं? आन् गोळीचं नाव काय?" नाव कुणालाच माहीत नसतं. "पांढरी होती बगा," म्हणतात. मग अक्का वर आढ्याकडं बघतात. "पांढरी! दुनियेतल्या आर्ध्या गोळ्या पांढऱ्या हायत की ओ!"

पण एवढ्यावर त्या सोडून देत नाहीत. मादप्पा अण्णा म्हणून आमच्या गावात एक शेतकरी आहेत. त्यांनी कुठल्यातरी पुंगळ्या, म्हणजे कॅप्सूल, खाल्ल्या आणि त्यांचं तोंड भोपळ्याएवढं झालं. तीन दिवसांनी सूज उतरल्यावर आले दवाखान्यात सांगायला.

"नाव काय होतं पुंगळीचं?"

"लाल-पिवळी होती, अक्का. देखणी होती."

"पाकीट कुटाय?"

पाकीट म्हणे बायकोनं शेतात नेलं. म्हणजे काय, तर आमच्याकडं गोळ्यांची चकाकणारी रिकामी पाकिटं दोऱ्यात ओवून ज्वारीवर बांधतात. वाऱ्यानं हलतात, उन्हात चमकतात, पाखरं बिचकतात. अक्का निघाल्या शेतात! रविवारचा दिवस, मला बरोबर घेतलं, कारण माझा चष्मा नवा होता. सबंध गावाचं दुखणं त्या ज्वारीवर टांगलेलं. आम्ही दोघं कणसांत माना घालून पाकिटं वाचत फिरतोय, आणि मादप्पा अण्णा बांधावरून ओरडतायत, "अक्का, कणीस मोडंल! कामून एवढं मनावर घ्यायलाव? बरा झालोय की मी!"

"आता बरा हाईस," अक्का म्हणाल्या. "पुन्यांदा खाल्लास तर मी न्हाई, तुझी बायको रडंल."

दीड तासानं पाकीट सापडलं. अर्धं नाव फाटलेलं, पण शेवटचं 'सिलीन' शाबूत. अक्कांचा चेहरा असा खुलला, जणू विहिरीला पाणी लागलं. संध्याकाळी मादप्पा अण्णांच्या गळ्यात शिवदाराच्या, म्हणजे लिंगाच्या दोऱ्याच्या, बाजूला एक प्लॅस्टिकचं कार्ड आलं. त्यावर 'सिलीनच्या जातीचं औषध देऊ नका' असं तीन लिप्यांत, कानडी, मराठी आणि उर्दू. मी विचारलं, एवढं कशाला? तर म्हणाल्या, "आपण पडलो शिवेवरचे. ह्यो कलबुर्गीत आजारी पडंल का उमरग्यात का हैदराबादेत, कसं सांगावं? माणूस बेसुद पडला की कार्डच बोलतंय." आता गावात असली सतराएक कार्डं आहेत. खाजाबी मावशीनं तर आपलं कार्ड ताविजाच्याच दोऱ्यात ओवलंय.

लोक हसायचे. मीही हसायचो, खोटं कशाला बोलू? मग एक दिवस भर दुपारी त्या बाकावर एक तरुण बाई बसली होती. सुई घेऊन बारा मिनिटं झालेली. मी बीपी दाखवायला गेलो होतो. बाई आधी तळहात खाजवायला लागली, मग खोकली, मग तिचा आवाज घोगरा झाला. तिची सासू म्हणाली, "गरम पडलं जणू."

अक्का ओरडल्या नाहीत. उलट त्यांचा आवाज एकदम खाली आला. बाईला आडवी केली, पाय उचलून तांदळाच्या पोत्यावर ठेवले, लुगड्यावरूनच मांडीत उताऱ्याची सुई दिली, डॉक्टरांना हाक मारली, मला म्हणाल्या, "गुर्जी, एकशेआठ लावा." तेवढ्यात कुणी पाणी आणलं, कुणी कांदा फोडून आणला, एकानं तर तिच्या नाकाला लावायला चप्पल उचलली. अक्का एकेकाकडं नुसत्या बघायच्या आणि तो मागं सरायचा. गाडी येईपर्यंत बाईचा श्वास मोकळा झाला होता. अक्का तिच्याबरोबर बसवकल्याणला गेल्या, संध्याकाळी परत आल्या आणि आमच्या ओट्यावर बसून सलग तीन कप चहा प्यायल्या. त्या दिवसानंतर चप्पल मागायच्या आधीच लोक काढून देतात.

अशी ही बाई. दुसऱ्याच्या दुखण्याला धावणारी. आणि स्वतःच्या पित्ताशयात खडे घेऊन दोन वर्षं हिंडत होती. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. अक्कांनी दोनदा तारीख घेतली, दोनदा मोडली. एकदा म्हणाल्या लसीकरण आहे, एकदा म्हणाल्या भाचीचं लग्न आहे. भाची सातवीत होती. आम्ही चिडवायचो, "अक्का सुईला भ्याल्या!" त्या हसायच्या आणि विषय बदलायच्या.

मग यंदा एका सकाळी आमच्याच अंगणात त्या पोट धरून खाली बसल्या. डोळे पिवळे. मी आणि सरोजानं जीप केली आणि तशाच कलबुर्गीला नेल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता ऑपरेशन टाळलं तर जिवावर बेतेल. आधी नळी घालून अडकलेला खडा काढला, चार दिवस सलाईन, आणि मग ऑपरेशनची तारीख. जिवावर बेतेल म्हटल्यावरही अक्का माझ्याकडं बघून म्हणाल्या, "गुर्जी, घरी जाऊ या का?" मला राग आला. मी म्हणालो, "तुमच्या जागी मी असतो तर चप्पलच काय, माझी पँट जप्त केली असती तुम्ही." त्या हसल्या नाहीत.

ऑपरेशनच्या सकाळी एक तरुण सिस्टर कागद घेऊन आली. नाव, वय, वजन. मग विचारलं, "कुठल्या औषधाची अलर्जी?"

मला वाटलं, आता या पोरीला लेक्चर मिळणार. सबंध तालुक्याला छळणारा प्रश्न तिनं अक्कांनाच विचारला होता.

"ठाऊक न्हाई," अक्का म्हणाल्या.

सिस्टरनं 'नाही' लिहायला पेन टेकवला. अक्कांनी तिचा हात धरला. "न्हाई न्हवं, बाळ. अलर्जी हाय. कशाची ते ठाऊक न्हाई. आन् मला बेसुद केल्यावर तितं कोण विचारणार?"

मग सगळं बाहेर आलं. पाच वर्षांच्या असताना कुणीतरी सुई दिली आणि त्या निळ्या पडल्या. कसली सुई ते आईला कळलं नव्हतं. पांढरी पूड होती, पाण्यात कालवून दिली, एवढंच आई सांगायची. "ते पेनिसिलीनच आसंल," अक्का म्हणाल्या. "पण 'आसंल' म्हणून मी कुणाला कधी सुई दिली न्हाई." भूल देणारे डॉक्टर आले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, त्या जातीतलं काहीच देत नाही, दुसरं देतो, आणि आत मी स्वतः लक्ष ठेवतो. ऑपरेशनआधीचं औषध हळूहळू शिरेतून सोडलं. सिस्टर समोरच्या खाटेपाशी गेली, नजर मात्र आमच्याकडं.

"गुर्जी, हितं बसा," अक्का म्हणाल्या. "आर्धा तास. मी बोलत ऱ्हाते. बोलायलीय तवर श्वास चालू हाय आसं समजा. थांबले, न्हाईतर आवाज बदलला, तर वरडा. लाजू नका."

आणि त्या बोलायला लागल्या. मी तेरा वर्षं त्यांचा शेजारी, पण आईबद्दल त्या कधी एवढं बोलल्या नव्हत्या. ती शेतमजूर, अंगठेबहाद्दर. निळ्या पडलेल्या लेकीला खांद्यावर टाकून रस्त्यापर्यंत पळत आली आणि उसाच्या ट्रॅक्टरपुढं उभी राहिली. ड्रायव्हर शिव्या देतोय, ही हलत नाही. त्यानं उसावर बसवून मोठ्या दवाखान्यात पोहोचवलं. त्यानंतर लेकीला कुठंही दाखवायला नेलं की आई आधी दारात आडवी उभी राहायची, हात पसरून. म्हणायची, माझ्या लेकीला एक सुई चालत न्हाई. डॉक्टर विचारायचे, कुठली? ती म्हणायची, तुमी शिकलेले, तुमी हुडका.

"ते हुडकायलाच मी नर्स झाले बगा, गुर्जी. सगळ्यांच्या सुया सापडल्या. माझी न्हाई. आई होती तवर भ्या वाटलं न्हाई. ती दारात हुबी आसायची. आता खडे कळून दोन वर्सं झाली, हितं यायचं म्हटलं की दार मोकळं दिसतंय."

आम्ही त्यांना सुईला भ्याल्या म्हणून चिडवत होतो, याची मला फार लाज वाटली.

भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास होऊन गेला होता. मी तसं सांगितलं. "झाला व्हय?" म्हणाल्या आणि ओशाळून पदर सारखा करायला लागल्या. "मंग जावा तुमी. च्या पिऊन या."

"ट्रॅक्टरवाल्याचं नाव काय होतं?" मी विचारलं.

"ते सांगायचंच ऱ्हायलं की!" आणि त्या पुन्हा सुरू झाल्या.

मग स्ट्रेचर आलं. दोघांनी त्यांना उचलून ठेवलं आणि ढकलत नेलं. ऑपरेशनच्या खोलीचं दार आलं तसा मी पुढं झालो. मी साधा प्राथमिकचा मास्तर. हेडमास्तरपुढंही माझा आवाज निघत नाही. पण मी त्या दारात आडवा उभा राहिलो, दोन्ही हात पसरून, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना म्हणालो, "यांना एक सुई चालत नाही."

"माहीत आहे, गुरुजी. लिहिलंय."

"तरी पुन्हा एकदा वाचा."

त्यांनी कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. तरी माझे हात काही केल्या खाली येत नव्हते.

स्ट्रेचरवरून अक्का माझ्याकडं बघत होत्या. डोळ्यांतलं पाणी कानाकडं ओघळत होतं.

"सरका गुर्जी," त्या म्हणाल्या. "आता जाते मी."