खालून कापलेलं कोडं

एकतीस वर्षं मी बातमीदारी केली. माझ्या बातम्यांमुळे दोन अधिकारी निलंबित झाले, एक पूल पाडून पुन्हा बांधावा लागला, आणि एकदाही (पुन्हा सांगतो, एकदाही) मला दिलगिरी छापावी लागली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर सांगायला तोंड राहणार नाही.

आमचे कोडेवाले काका दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे रजेवर गेले. संपादकांनी मला बोलावलं. "तोफखाना, तेवढं रोजचं शब्दकोडं बघाल का?"

(ऑफिसात मला तोफखाना म्हणतात. तोंडावर. माघारी काय म्हणतात, याची चौकशी मी केलेली नाही.)

"मी? कोडं?"

"लहानसं तर असतं."

"अहो, एकतीस वर्षं मी..."

"म्हणूनच म्हटलं. तुम्हाला शब्दांची काय कमी?"

मी हो म्हणालो. आणि घरी अवाक्षर काढलं नाही. ज्याला बघून कंत्राटदार मागच्या दाराने पळतात, तो कोडी जुळवत बसतो, हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार?

पहिल्याच दिवशी कळलं की कोडं अडतं ते दोन-तीन अक्षरी शब्दांवर. 'ल'वरून काहीतरी छोटंसं हवं, की मला 'लाच' सुचे. 'ख'वरून 'खून', 'द'वरून 'दंगा', 'अ'वरून 'अटक'. संपादकांनी कागद परत केला. "लोक हे चहा पिता पिता सोडवतात हो. हे आरोपपत्र आहे."

मदत घरातच मिळाली. माझे सासरे, निवृत्त हेडमास्तर, चार महिन्यांपासून आमच्याकडे होते. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली होती. आता कुठे एकेक शब्द परत येत होता. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी व्यायाम दिला होता: मुलीने, म्हणजे माझ्या बायकोने, अक्षर म्हणायचं, वडिलांनी त्यावरून छोटासा शब्द सांगायचा.

"बाबा, क?"

बाबांनी दोनदा ओठ जुळवून पाहिले. "कप."

"म?"

"मीठ."

"ल?"

बाबा तिच्याकडे बघून हसले. "लेक."

ती ओट्याकडे वळली आणि उगाचच एक स्वच्छ पातेलं घासू लागली. मी वर्तमानपत्राआड बसून त्याच्याच कडेला तीनही शब्द टिपून घेतले. (याला चोरी म्हणू नये. आमच्या धंद्यात याला विश्वसनीय सूत्र म्हणतात.)

परिणाम असा झाला की बाबांचेच शब्द दोन-चार दिवसांनी छापून त्यांच्यासमोर येऊ लागले. नाश्त्यानंतर ते कोडं घेऊन बसत. आधी दिवसाला दोन शब्द जमत, मग पाच, मग अख्खं कोडं. उपचारवाल्या बाई म्हणाल्या, "अक्षरं आता चौकटीच्या बाहेर जात नाहीत. फार चांगलं लक्षण आहे." बायको आनंदात होती. मीही होतो, पण गुप्तपणे.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी मी पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरशी एका फोनवर भांडत होतो. दुसऱ्या फोनवर पान लावणारा होता. "साहेब, गादीची जाहिरात आलीय. कोडं थोडं कमी करावं लागेल. कुठून कापू?"

"यात विचारायचं काय? खालून काप!"

बातमी खालूनच कापतात. महत्त्वाचं सगळं वर असतं, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. त्याने कोड्याची शेवटची ओळ कापली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोची हाक आली. "अहो, लवकर इकडे या!"

बाबा पेन्सिल धरून कोड्यावर वाकले होते. 'उभा शब्द : लिहिण्याचे साधन, तीन अक्षरी.' 'ले' आणि 'ख' चौकटीत होते. 'णी' खाली, जाहिरातीत गाढ झोपलेल्या बाईच्या कपाळावर. शेजारच्या 'खिडकी'मधला 'की' तिच्या उशीवर.

"परत चौकटीबाहेर लिहायला लागलेत," ती कुजबुजली.

बाबांनी पेन्सिल ठेवली, चहाचा कप दूर सरकवला आणि स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं. "गेलं."

एवढंच. तिने डॉक्टरांना फोन लावला. लगेच घेऊन या म्हणाले. ती खाली बसून बाबांच्या पायात मोजे घालू लागली, आणि शाळेतल्या हजार पोरांना धाकात ठेवलेला तो माणूस निमूटपणे पाय पुढे करत होता.

"कोडंच चुकलं असेल," मी म्हणालो.

"छापलेलं कोडं? उगाच धीर देऊ नका. तुम्हाला जमत नाही ते."

"मी केलंय."

"काय केलंय?"

"कोडं. तीन आठवडे मीच करतोय. शेवटची ओळ मीच कापायला लावली. बाबांचं अक्षर न् अक्षर बरोबर आहे." इथे माझी जीभ बाबांपेक्षा जास्त अडखळली. "माझं... चुकलं."

मोजा तिच्या हातातच राहिला. "आणि लेखणी, खिडकी? हे तर परवा बाबांनीच सांगितले होते! तुम्ही ते ढापलेत?"

"मी सूत्रांची नावं सांगत नसतो."

 बाबांनी पेन्सिल उचलली, समासात सावकाश तीन चौकटी आखल्या आणि कागद माझ्यापुढे ढकलला.

"ग," ते म्हणाले. माझ्याकडे बोट केलं. "तुम्ही."

मी विचार केला. "गंभीर?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"गरीब?"

बायको खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. "अहो, सोपं आहे ते."

बाबांनी चहाचा कप पुन्हा जवळ ओढला.

शनिवारच्या अंकात कोड्याखाली माझ्या नावाने दिलगिरी छापली, एकतीस वर्षांतली पहिली. प्रायश्चित्त म्हणून कोड्यात सातवा आडवा शब्दही मीच घातला : 'कालचे कोडे खालून कापणारा. प्राणी, तीन अक्षरी.' वाटलं होतं, एखादा तरी वाचक 'असं म्हणू नका हो' म्हणून लिहील.

चारशे बारा उत्तरं आली. सगळी बरोबर. त्यात एक कोडेवाल्या काकांचं होतं, दवाखान्यातून, दुसऱ्या डोळ्यावर पट्टी असताना सोडवलेलं.