गाडी लागली

चंद्रभान एसटीत गाड्यांच्या घोषणा करता करता निवृत्त झाले होते. घरात मीठ मागितलं तरी ते फलाटावरच्याच आवाजात मागत. त्यामुळे लेक अपेक्षाने संगणकावर सूचनांचे रंगीत ठोकळे जुळवून बसस्थानकाचा खेळ केला, तेव्हा त्यात आवाज कुणाचा हा प्रश्नच नव्हता. खेळ दुसऱ्या दिवशी अमरावतीला स्पर्धेत जाणार होता. चंद्रभानांनी आदल्या दिवशीच अकोल्याच्या जठारपेठेतली आपली सारी गल्ली बघायला बोलावली.

अपेक्षाने बटण दाबलं. "परतवाड्याकडे जाणारी गाडी फलाटावर लागली आहे," संगणकातून चंद्रभान बोलले. पडद्यावरचे प्रवासी उठले. ड्रायव्हरनेही घोषणा ऐकली आणि रिकामी गाडी भरधाव काढली. प्रवासी गाठोडी घेऊन मागे धावत राहिले. गल्ली पोट धरून हसली.

"माह्या घोषणेवर खाली गाडी कदीच गेली नाई," चंद्रभान म्हणाले आणि चहा तसाच ठेवून आत गेले.

अपेक्षाला ते लागलं. ती ठोकळे उलगडत बसली आणि चूक सापडताच वडिलांना ओढून घेऊन आली.

"बाबा, घोषणा म्हंजे इव्हेंट. ज्याले आइकू गेलं थो आपापलं काम करते, कोनी कोनासाठी थांबत नाई. मीनं डायवरलेई तीच आइकवली."

"डायवर घोषणेवर गाडी काढते का कुठी? थो कंडक्टरच्या डबल बेलवर काढते."

"तेच आता करून राहिली. त्याले फंक्शन म्हंतेत. एकाच मानसाले काम सांगाचं, थे झालं का मंगच पुढं."

मग तिने प्रवासी बसवण्याचं काम कंडक्टरला दिलं, आणि ते संपल्यावरच ड्रायव्हरला हाक. गाडी गच्च भरून सुटली. चंद्रभानांनी ती सुटताना पुन्हा पुन्हा पाहिली.

अमरावतीला परीक्षकांनी नेमका इव्हेंट आणि फंक्शनमधला फरकच खोदून विचारला. अपेक्षा अडखळली नाही. तिचा पहिला नंबर आला आणि चंद्रभानांना आभाळ ठेंगणं झालं. बसस्थानकावर पोचेपर्यंत त्यांनी गल्लीच्या, नातेवाइकांच्या आणि जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर आपल्या आवाजात घोषणा टाकली होती. समोसेवाल्यालाही सांगून झालं.

तेवढ्यात अपेक्षाच्या फोनवर आईचा, पंचफुलाबाईंचा फोन आला. "अवं, पुरी गल्ली पेढे मांगून राहिली. कायचे पेढे?" त्या कुठल्याच ग्रुपमध्ये नव्हत्या.

"मीनं तं साऱ्याइले सांगितलं," चंद्रभान पुटपुटले.

"आईले डबल बेल द्या, बाबा," अपेक्षाने फोन त्यांच्या हातात दिला.

चंद्रभानांनी जन्मात पहिल्यांदा आवाज खाली आणला. "आपली अपेक्षा पयली आली," ते म्हणाले आणि उत्तराची वाट बघत थांबले. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"एक डाव अजून सांगा," पंचफुलाबाई म्हणाल्या.

त्यांनी अजून सांगितलं. मग परीक्षक काय म्हणाले, पोरगी काय बोलली, टाळ्या कशा पडल्या, तेही सांगितलं. मागे घरी जायच्या अकोल्याच्या गाडीची घोषणा झाली, गाडी भरली, डबल बेल वाजली आणि ती सुटली. अपेक्षा ते सगळं बघत होती. तिने वडिलांना हाक मारली नाही.