चौदावा कागद

खिल्लारे मामा एसटीत चढले की लगेच बसत नसत. जागा रिकामी असली तरी दांड्याला धरून उभे राहत आणि बसलेल्या माणसांकडे बघून ओठांतल्या ओठांत मोजत. कोणाच्या पुढे कोण, मागे कोण, बाजूला किती. मोजून झालं की मला कोपरानं ढोसून हळूच सांगत, "साहेब, ते टोपीवालं गेलं. शेजारी चार झाले. कनेरगाव नाक्यापतुर टिकत न्हाई."

टोपीवाले गृहस्थ कनेरगाव नाक्याला धडधाकट उतरून चालू लागत. मामांना त्याचं काही वाटत नसे.

हिंगोलीच्या आमच्या पाटबंधारे ऑफिसात मामा अनुरेखक होते, म्हणजे ट्रेसर. इंजिनिअरच्या नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा आणि खालची रेघन् रेघ शाईनं वर उतरवायची, हे काम त्यांनी तीसेक वर्षं केलं. मी शहाण्णव साली तिथं कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो तेव्हा वयानं त्यांच्या निम्म्यानं होतो. तरी ते मला साहेब म्हणत. मी त्यांना मामा म्हणायचो.

त्यांच्या मोजण्यापायी एकदा जवळा बाजारला मार खायची वेळ आली होती. आमचे हेडक्लार्क बडे बाबू, त्यांच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीला दाटीवाटीनं माणसं बसली होती आणि मामांनी समोर जेवत असलेल्या, नवऱ्या मुलाच्या चुलत्याकडे बोट करून मला सांगितलं, "हे पुढच्या कागदावर न्हाईत." चुलत्यांनी ते ऐकलं. ते नुकतेच छातीच्या दुखण्यातून उठले होते. हातातला घास टाकून ते उभे राहिले, मागोमाग सगळी वरपक्षाची मंडळी उभी राहिली, आणि दहा-बाराजण आमच्याभोवती गोळा झाले. बडे बाबूंना घाम फुटला. हे नकाशाबद्दल बोलत होते, असं मी हात जोडून सगळ्यांना सांगत होतो. मामा मात्र त्या गर्दीकडे काळजीनं बघत मला म्हणाले, "आता तं कोणीच वाचत न्हाई."

त्यांच्या डोक्यात असायचा तो खेळ मी पुढं त्यांच्याकडूनच शिकलो. आलेख कागदावर काही चौकोन काळे करायचे. काळा म्हणजे जिवंत, कोरा म्हणजे मेलेला. प्रत्येक चौकोनाला आठ शेजारी. जिवंत चौकोनाला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असले तर तो जगतो. कमी असले तर एकटा पडून मरतो, जास्त झाले तर गुदमरून मरतो. कोऱ्या चौकोनाला बरोबर तीन शेजारी मिळाले तर तिथं नवा जीव येतो. असं एकेक चौकोन मोजून दुसरा कागद काढायचा, दुसऱ्यावरून तिसरा. बदलून गेलेल्या एका इंजिनिअरच्या टेबलात जुनं इंग्रजी मासिक सापडलं, त्यातून मामांना हे वेड लागलं. इंग्रजी यथातथाच, पण आकृत्या त्यांना वाचता येत होत्या.

बहुतेक आकृत्या पाच-सात कागदांत मरतात. काही एका जागी ठप्प बसतात, काही नुसत्या उघडझाप करतात. पण पाच चौकोनांची एक आकृती अशी आहे की चार कागदांनंतर ती पुन्हा जशीच्या तशी होते, फक्त एक घर तिरपी सरकलेली असते. मामा तिला पाखरू म्हणत. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर ते पाच पारदर्शक कागद एकावर एक ठेवत आणि मला बोलावत. खरंच ते पाखरू कागदातून चालत निघाल्यासारखं दिसे.

"पण हे जगाला ठावं हाये," ते म्हणत. "मला माझं चालणारं पायजे."

म्हणून त्यांनी खेळाच्या नियमात स्वतःचा एक नियम घातला होता. सहा शेजारी असले तरी नवा जीव येतो. काहून, असं विचारलं तर म्हणत, "सहा जण जमले की कायतरी होतेच ना, साहेब." या नियमावर चालणारी आकृती ते रोज जेवणाच्या सुट्टीत शोधत. डबा उघडा आणि हातात पेन. आम्ही त्यांना हसायचो. आणि नव्व्याण्णव साली त्यांना ती सापडली.

सतरा चौकोनांची होती. बाविसाव्या कागदावर पुन्हा तीच, चार घरं उजवीकडे सरकलेली. त्या दिवशी मामांनी ऑफिसात कोणाला काही सांगितलं नाही. फक्त मला टेबलाशी नेलं, पहिला कागद खाली आणि बाविसावा वर ठेवला आणि दिवा लावला. मी बघत राहिलो.

त्यानंतर वर्षभरात ऑफिसात संगणक आला. नकाशे आता त्यातून निघणार होते, मामांच्या नंतर ट्रेसरची जागा भरली जाणार नव्हती. मामांनी आपली खुर्ची फिरवून घेतली आणि संगणकाकडे पाठ करून बसू लागले. मी क्लास लावला होता. शिकता शिकता मी मामांच्या खेळाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि उत्साहानं त्यांना सांगितलं की तुमची आकृती यात टाकू, मिनिटात खरं-खोटं कळेल. त्यांचा चेहरा एकदम उतरला. माझा हात हाये ना, एवढंच म्हणाले. पुढं तीन वर्षं मी तो विषय काढला की ते उठून पाणी प्यायला जात.

ते निवृत्त झाले त्या दिवशी चार वाजता सत्कार होता. संगणक आता माझ्या खोलीत होता. एकच्या सुमाराला मामा तिथं आले, दार लोटून घेतलं आणि बावीस कागदांची गुंडाळी टेबलावर ठेवली.

"लावून पाहा," ते म्हणाले. "दोनला लाईट जाते."

मी पहिला कागद बघून सतरा चौकोन भरले. मामा शेजारी उभे राहिले. एक बटण दाबलं की पडद्यावर एक पाऊल पुढं जायचं, आणि मामा हातातला पुढचा कागद पडद्याशेजारी धरून चौकोन पडताळायचे. दुसरा बराबर. तिसरा बराबर. आमचा संगणक जुना, प्रत्येक पावलाला विचार केल्यासारखा थांबायचा. बडे बाबू शालीचं विचारायला दोनदा डोकावले, मामांनी मान न वळवता त्यांना हातानं घालवलं. दहावा बराबर. तेरावा बराबर. मामांचा श्वास मला कानाशी ऐकू येत होता.

चौदाव्याला मामांनी कागद पडद्याच्या आणखी जवळ नेला.

मी बघितलं. कागदावर एक काळा चौकोन होता, पडद्यावर ती जागा कोरी होती. मी म्हणालो, माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक असेल. मामांनी तेरावा कागद घेतला, त्या जागेभोवती बोट फिरवलं आणि मोजलं. पुन्हा मोजलं. तेराव्यावर ती जागा कोरी होती आणि शेजारी दोनच होते. तिथं जीव येण्याचं कारण नव्हतं.

"पुढं जाऊ द्या," ते म्हणाले.

मी बटण दाबत गेलो. आकृती पसरली, तुटली, आक्रसली. तिसाव्या पावलाला पडद्यावर चार काळे चौकोन उरले आणि ते जागचे हलेनात.

"बराबर हाये मिशीन," मामा म्हणाले. मग लाईट गेली. त्यांनी अंधुक उजेडात कागद गुंडाळले, सायकल काढली आणि सत्काराला दोन तास असताना निघून गेले.

मी दहा मिनिटं बसलो आणि मग घाबरलो. त्या माणसानं चार वर्षं हेच उराशी धरलं होतं आणि माझ्या हातानं ते मेलं होतं. मी गाडी काढली. वाटेत तळ्याजवळ त्यांची सायकल दिसते का म्हणून उगाच थांबलो.

मामा घरीच होते. ओट्यावर कागद पसरून बसले होते. आत मामी चहा टाकत होत्या. सत्काराला यायचं म्हणून त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं, ते दारातून दिसत होतं. मी खाली बसलो. विचारलं की एवढ्या वेळा तपासलं, मग हे कसं राहिलं.

"बाकीचे धा-धा डाव तपासले," मामा खालच्या आवाजात म्हणाले. "हा एकच परत पाहिला न्हाई."

"काहून?"

त्यांनी चौदाव्या कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. ट्रेसरच्या सवयीनं तिथं सही होती आणि तारीख होती.

"नांदेडला हिचं ऑपरेशन चालू होतं. पाच घंटे. मी भाईर फरशीवर बसून हात हलवत राहिलो. पाच घंट्यात एवढा एकच कागद झाला."

मामी चहा घेऊन बाहेर आल्या. मामांनी तो कागद उचलून बाकीच्यांच्या खाली सारला.

मामी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होत्या. कागद पाहून त्यांना काय ते कळलं असावं. मशीनवर लावलं का, असं त्यांनी विचारलं.

"लावलं," मामा म्हणाले.

"मंग?"

"बराबर निघालं."

मामींचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "खरंच चाललं का हो, साहेब?"

मामा कपात बघत होते. मी म्हणालो, "चाललं, मामी. पार कडेपर्यंत गेलं."

त्या मटकन खाली बसल्या. मी कवापासून म्हणून राहिले, लावा एकदा, हे उगंच भेत होते, असं काहीबाही बोलत त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग उठून आत गेल्या, साखरेचा डबा घेऊन आल्या आणि आमच्या दोघांच्या तळहातावर चिमूट-चिमूट साखर ठेवली.

मी खाल्ली. मामा मूठ मिटून बसून राहिले.