उत्तेजनार्थ क्वार्टरबॅक

सन दोन हजार पाचच्या ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी, ओहायो राज्यातल्या हॉलिस व्हॅली युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक कोडी रँडल याचा उजवा गुडघा प्रतिस्पर्ध्यांच्या तीन धिप्पाड खेळाडूंखाली सापडून निकामी झाला. या मोसमात तो फार तर कुबड्यांवर उभा राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं. घटना दुःखद होतीच. पण विद्यापीठाच्या दृष्टीने त्याहून गंभीर बाब ही, की एक पद रिक्त झालं होतं.

ज्यांनी हा अमेरिकन फुटबॉल पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी एवढं सांगितलं तरी पुरे, की त्यात पायाचा चेंडूशी संबंध फारसा येत नाही. चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हाती येतो, आणि समोरून अंगावर धावून येणारी माणसं पोचायच्या आत त्याला तो लांबवरच्या आपल्या माणसाकडे अचूक फेकावा लागतो. कोडीखालोखाल हे काम संघात कुणाला येत असेल, तर ते कुश सबनीसला. खरं तर कोडीपेक्षाही बरं येत होतं, असं कोडीच म्हणायचा. पण कोडी आधीपासून पदावर, म्हणून कुश तीन मोसम बाकावर बसून होता. आता त्याचं शेवटचं वर्ष चालू होतं. पुढच्या शनिवारी पालकांसाठीचा खास सामना, तोही घरच्या मैदानावर. कोच डूगनने लॉकर रूममध्ये त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "शनिवारी तू."

निवड एवढ्यावर आटोपली असती. पण आदल्या वर्षी एका नाराज पालकाने तक्रार केल्यापासून विद्यापीठाने 'हंगामी खेळाडू निवड पारदर्शकता धोरण' लागू केलं होतं, आणि खांद्यावर हात ठेवणं हे त्या धोरणात बसत नव्हतं. सोमवारी समिती नेमली गेली. अध्यक्ष, डीन डॉ. व्हिटकर. सदस्य, विद्यापीठाचे वकील. गाद्यांच्या दुकानांचे मालक आणि मोठे देणगीदार मिस्टर प्रूइट. सल्ल्यापुरते कोच डूगन. आणि पालकांचे प्रतिनिधी म्हणून ओहायोतल्याच डब्लिन गावचे श्रीरंग सबनीस. बाकीचे पालक सामन्याच्या वेळी आरडाओरडा करत. श्रीरंगराव तेवढे शांत बसत, कारण मैदानावर काय चाललंय ते त्यांना कळत नसे. या शांतपणाची तटस्थता म्हणून नोंद झाली होती.

श्रीरंगराव हे उमेदवाराचे वडील आहेत, हा मुद्दा वकिलांनी उपस्थित केला आणि त्यांनीच निकालात काढला. दुसरा इच्छुक ट्रेव्हर हा प्रूइटसाहेबांचा भाचा होता. तेव्हा दोन हितसंबंध परस्परांना छेद देतात, असं मत त्यांनी नोंदवलं.

इथे सबनीसांच्या घरातली एक जुनी प्रथा सांगायला हवी. श्रीरंगराव विमा कंपनीत कामकाजाच्या पद्धती सुधारून देण्याच्या कामावर होते, पण त्यांची खरी कीर्ती होती ती तिथल्या महाराष्ट्र मंडळात. गणेशोत्सवातल्या मुलांच्या स्पर्धांचे ते कायमचे परीक्षक. कुश आठ वर्षांचा असताना त्याने चित्रकलेच्या स्पर्धेत गणपतीचा उंदीर काढला होता. बाप्पाचं लक्ष नाही असं पाहून तो पिझ्झाचा तुकडा पळवत होता. उंदीर इतका जिवंत उतरला होता, की दुसऱ्या परीक्षक नीलाताईंनी हसत हसत पहिला नंबर लिहून टाकला. श्रीरंगरावांनी तो खोडला. परीक्षकाच्या मुलाला पहिला नंबर? लोक काय म्हणतील? कुशला उत्तेजनार्थ मिळालं. पुढे हा पायंडाच पडला. श्लोकपाठांतर असो, वेशभूषा असो की बुद्धिबळ, कुशला उत्तेजनार्थ. बुद्धिबळात तर तो सगळे डाव जिंकला होता. मंडळात श्रीरंगरावांच्या निःस्पृहपणाचे गोडवे गायले जात, आणि दिवाणखान्यातल्या फळीवर कुशची प्रशस्तिपत्रकं वाढत जात.

पुढे कुशने फुटबॉल निवडला, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक होतं, की त्या खेळाचा परीक्षक व्हायची बाबांची पात्रता नव्हती.

सोमवारी रात्रीच्या जेवणाच्या वेळी त्याचा फोन आला. "बाबा, प्लीज, तू त्या कमिटीला नाही म्हण ना."

"अरे, डीनबाईंनी स्वतः बोलावलंय. आपल्यातल्या माणसाला असा मान कधी मिळतो?"

"कोचने ऑलरेडी मला पिक केलंय. इट्स डन. यू जस्ट हॅव टू नॉट डू एनीथिंग."

"मी कशाला काही करतोय? मी फक्त प्रोसेस बघणार."

कुश म्हणाला, "दॅट्स व्हॉट आय मीन," आणि त्याने फोन आईला द्यायला सांगितला.

फोन ठेवल्यावर पद्मिनीबाई म्हणाल्या, "अहो, एकदा तरी त्याच्या बाजूने बोला. एकदाच."

"मी सगळ्यांच्याच बाजूने असतो," श्रीरंगराव म्हणाले आणि वरण मागून घेतलं.

मंगळवारच्या बैठकीत ते तयारीनिशी गेले. गुणांचा तक्ता त्यांनी लॅपटॉपवर करूनच नेला होता. कोचला विचारून 'अचूक फेक' या बाबीला त्यांनी चाळीस गुण ठेवले होते. पण तक्ता पडद्यावर लावताच त्यांच्या लक्षात आलं, की फेकीत कुश सगळ्यांत पुढे आहे. त्यांनी तिथल्या तिथे फेकीचे गुण चाळिसाचे वीस केले आणि उरलेले 'अनुभव' आणि 'नेतृत्व' यांत वाटून टाकले.

"का?" कोचने विचारलं.

"समतोलासाठी," श्रीरंगराव म्हणाले. डीनबाईंनी समतोल हा शब्द लिहून घेतला.

बुधवारी कळलं, की वीस ठेवूनही कुशच पुढे. अभ्यासात तो बरा, वेळेवर येणारा, कुणाशी भांडण नाही. हे संस्कार आता श्रीरंगरावांच्या मुळावर आले होते. त्यांनी वेळ पाळण्याचे गुण काढले, अभ्यासाचे काढले आणि फेकीचे पाच केले.

"मिस्टर सबनीस," कोच म्हणाला, "क्वार्टरबॅकचं काम फेकणं हे आहे."

"फेकणं ही एक कृती आहे," श्रीरंगराव समजावणीच्या सुरात म्हणाले. "आपण माणूस निवडतोय."

यावर कोच खिडकीबाहेर बघत राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा कसा घालतात, हे तो पहिल्यांदाच जवळून पाहत होता.

गुरुवारी पाच गुणांवरही कुश पहिला आला. डीनबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मला वाटतं, आपण इथेच थांबू. कुश आम्हा सगळ्यांना मान्य आहे."

"मलासुद्धा," प्रूइटसाहेब म्हणाले. "ट्रेव्हर माझ्या बहिणीचा मुलगा, म्हणून मी त्याचं नाव दिलं. बहिणीला तोंड दाखवायचं असतं. पण त्याला कोपऱ्यातल्या टोपलीत कागद टाकता येत नाही. माझं मत तुमच्या मुलाला."

सगळे श्रीरंगरावांकडे बघू लागले. नुसती मान हलवायची होती. पण मान हलेना.

"ते बरं दिसणार नाही," ते म्हणाले.

"कुणाला?" डीनबाईंनी विचारलं.

श्रीरंगरावांनी खोलीभर नजर फिरवली. ज्यांना ते बरं दिसलं नसतं, त्यांतलं एकही माणूस तिथे नव्हतं. ती सगळी डब्लिनला होती, आपापल्या मुलांना ट्यूशनला सोडत होती, आणि त्यांना क्वार्टरबॅक म्हणजे काय हेही नीट ठाऊक नव्हतं. तरीही श्रीरंगरावांनी तक्त्यात एक नवी ओळ घातली. समिती सदस्याशी नातं असल्यास उमेदवार बाद.

इतक्या उघड तत्त्वाला नाही कोण म्हणणार? ठराव मंजूर झाला. कुश बाद झाला, ट्रेव्हरही बाद झाला, आणि आता कुणीच उरलं नाही असं म्हणत कोच उठायला लागला.

"एक उरतो," वकील म्हणाले. "कोडी रँडल."

"त्याच्याच जागी तर माणूस निवडतोय आपण."

"अर्ज सगळ्या संघाकडून मागवले होते. दुखापतीमुळे त्याला वगळलं असतं तर भेदभाव ठरला असता, म्हणून मीच हॉस्पिटलमध्ये अर्ज पाठवला. ऑपरेशननंतरच्या गुंगीत त्याने सही केली. सही वैध आहे."

"त्याला उभं राहता येत नाही," कोच म्हणाला.

"उभं राहता येणं ही अट आपण जाहीर केलेली नाही. आता घातली, तर ती फक्त त्याच्याचसाठी घातली असं दिसेल."

तक्ता पाहिला तर कोडीला अनुभवात पैकीच्या पैकी, नेतृत्वातही पैकीच्या पैकी. शिवाय तो समितीतल्या कुणाचाच कुणी नव्हता. अशा रीतीने, जखमी कोडी रँडल याच्या जागी हंगामी क्वार्टरबॅक म्हणून कोडी रँडल याची बहुमताने निवड झाली. कोचला मताधिकार नव्हता. प्रूइटसाहेबांनी विरोधात मत दिलं आणि जाताना श्रीरंगरावांना म्हणाले, "मला तुमच्यासारखा बाप असता, तर मी गाद्या विकल्या नसत्या. गादीवर पडून रडलो असतो."

शनिवारी ऊन छान पडलं होतं. मंडळातली पंधरा-वीस माणसं कुशला पाहायला चिवड्याच्या पिशव्या घेऊन आली होती. तो खेळणार नाही, असं श्रीरंगरावांनी त्यांना फाटकापाशीच सांगितलं, आणि का तेही सांगितलं. त्यांतल्या मनोहरकाकांना गहिवरून आलं.

कोडीला गोल्फच्या गाडीतून मैदानावर आणण्यात आलं. दोन कुबड्या काखेत धरून तो उभा राहिला आणि सगळं स्टेडियम त्याच्या धैर्यासाठी उठून उभं राहिलं. जखमी खेळाडूला इजा झाल्यास दावा लावू, असं पत्र वकिलांनी प्रतिस्पर्धी संघाला आधीच पाठवलं होतं. त्यामुळे ते धिप्पाड लोक धावत येत, कोडीपासून हातभर अंतरावर थबकत आणि तो शेजाऱ्याच्या हातात चेंडू देईपर्यंत वाट बघत. मग त्या शेजाऱ्याला आडवा करत. कोडीने एकदाच फेकायचा प्रयत्न केला. चेंडूऐवजी कुबडी गेली.

मध्यंतरापर्यंत गुणफलकाकडे बघणं लोकांनी सोडून दिलं होतं. कुश हेल्मेट मांडीवर घेऊन बाकाच्या टोकाला बसला होता. तिसऱ्या सत्रात एक भरकटलेला चेंडू त्याच्या पायाशी येऊन थांबला. पार पलीकडच्या कडेला उभ्या असलेल्या पंचाने तो परत मागण्यासाठी हात वर केला. कुश उठला, एक पाऊल मागे गेला आणि त्याने चेंडू फेकला.

चेंडू मैदान ओलांडून गेला. बावीस माणसांच्या डोक्यांवरून, वाऱ्याला न जुमानता, फिरत फिरत तो सरळ पंचाच्या हातात उतरला. पंचाला हात हलवावाही लागला नाही. मग कोडीसाठी झाल्या नव्हत्या इतक्या टाळ्या झाल्या.

श्रीरंगरावांना या खेळातलं काही कळत नव्हतं, पण हे कळलं. पिझ्झा पळवणाऱ्या उंदराचा कागद हातात धरला होता, तेव्हा झालं होतं तसंच आत्ता त्यांच्या छातीत झालं. माझा मुलगा, असं ते मोठ्याने म्हणालेही. ते टाळ्या वाजवू लागले. मग शेजारी मंडळातली माणसं बसली आहेत हे ध्यानात आलं, आणि त्यांनी हात कोटाच्या खिशात घातले. पद्मिनीबाईंनी ते पाहिलं.

संघ सामना किती फरकाने हरला, ते इथे लिहिण्याचं कारण नाही. समारोपात डीनबाईंनी कुशला बोलावून खिलाडूवृत्तीबद्दल प्रशस्तिपत्रक दिलं. तो ते घेऊन सरळ प्रेक्षकांच्या पायऱ्या चढून आला आणि त्याने ते वडिलांच्या हातात ठेवलं.

"बाबा, हे पण तूच ठेव," तो म्हणाला. रागाने म्हणाला असता तर श्रीरंगरावांना उत्तर देता आलं असतं. मग त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ती दोघं पार्किंगकडे चालू लागली.

श्रीरंगराव कागद धरून उभे राहिले. तेवढ्यात मनोहरकाका आले. त्यांनी श्रीरंगरावांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो. पुढच्या गणपतीतही परीक्षक तुम्हीच." भोवतालच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकाला मनापासून वाटत होतं, की न्याय असावा तर असा. आपलं मूल स्पर्धेत असेल त्या दिवशी परीक्षक श्रीरंगरावच असावेत, आणि त्यांच्या जागी आपण नसावं.

वाचकहो, इथवर येताना तुम्हालाही या गृहस्थाबद्दल कुठे तरी थोडा आदर वाटलाच असेल. वाटला असेल, तर तुमच्या दिवाणखान्यातल्या फळीवर काय काय मांडलंय ते एकदा बघून या, आणि ते ज्याचं आहे त्याला फोन करा. त्याने उचललाच, तर.